पाच वर्षांची वॉरंटी, पंधरा महिन्यांची गाडी

जानेवारी २०२५ मधल्या एका शनिवारी दुपारी पुण्यात नऱ्ह्यातल्या आमच्या गाड्यांच्या पॉलिश-कोटिंगच्या गाळ्यासमोर एक काळी एसयूव्ही येऊन थांबली. मालक उतरले ते हातात प्लास्टिकचं पाकीट घेऊनच. मला वाटलं आरसी बुक असेल. निघालं सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे गाडीच्या रंगावर लावायच्या पातळ पारदर्शक थराचं, वॉरंटी कार्ड.

“पाच वर्षं लिहिलंय बघा इथे. पंधरा महिने झालेत. आणि ही अवस्था.”

गाडी २०२३ च्या दसऱ्याची, म्हणजे २४ ऑक्टोबरची डिलिव्हरी. शोरूमच्या शेवटच्या टेबलावर मॅट, सीट कव्हर आणि वाढीव वॉरंटीसोबत जे काही गळ्यात पडतं, त्यातच १८,५०० रुपयांचं कोटिंगही आलेलं. बोनेटवर लायटर पेटवून दाखवणारा, मार्करची रेघ बोटाने पुसणारा तो व्हिडिओ मालकांना अजून तोंडपाठ होता. मी गाडी उन्हात घ्यायला सांगितली. बोनेटमध्ये सूर्य दिसत होता आणि त्याच्याभोवती कोळ्याने विणल्यासारखं बारीक चऱ्यांचं जाळं. चारही दारांच्या खालच्या भागात पांढरट गोल ठिपके, काही मोहरीएवढे, काही मसुराएवढे. आरशांखाली आणि हँडलखाली ओघळ वाळलेले.

मालकांचं म्हणणं सरळ होतं: कोटिंग लावलंच नव्हतं, नुसते पैसे घेतले. खरं सांगायचं तर मीही मनात मान डोलावली. आमच्या धंद्यात शोरूमच्या कोटिंगची टिंगल करायची रीतच आहे. पण इथे आमचा दोघांचाही अंदाज निम्मा चुकला, म्हणून हे प्रकरण लिहून काढतोय.

आधी मोजमाप

तपासणीचे ५०० रुपये घेतले आणि गाडी आत घेतली. रंगाची जाडी मोजायचा मीटर सगळ्या पत्र्यावर फिरवला. बोनेट ११२ ते ११८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), छत १०९, उजवी दारं ११५ च्या आसपास. डावं पुढचं दार मात्र २३०. मालक क्षणभर गप्प झाले, मग आठवलं: रिक्षा घासली होती, इन्शुरन्समधून दार रंगवून घेतलं होतं. ही नोंद पुढे कामाला आली.

कारखान्यात दिलेला रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस सहसा याहून जाड असतो. गाडीची सगळी चमक त्या एवढ्याशा थरात असते आणि मशीनने पॉलिश करायचं म्हणजे त्यातलंच थोडं खरवडून काढायचं. कोटिंग त्याच्यावर बसतं ते एखाद-दोन मायक्रॉनचं, बऱ्याचदा त्याहूनही पातळ. मीटरचीच चूक दोन-तीन मायक्रॉनची असते. तेव्हा “मीटर लावून कोटिंग आहे का नाही सांगतो” असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजावा आणि आपली गाडी घेऊन निघावं.

कोटिंग आहे का, हे पाणी सांगतं. पण तेही पहिल्या फटक्यात नाही. आम्ही पाइप मारला तेव्हा बोनेटवर आणि छतावर पाणी चादरीसारखं पसरून बसलं. मालक म्हणाले, “झालं ना सिद्ध?” नव्हतं झालं. कोटिंगवर क्षार, धूळ आणि तेलकट थर बसला की ते जिवंत असूनही मेल्यासारखं वागतं. म्हणून आधी गाडी नीट धुतली. मग लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे मारला. ब्रेकची आणि रस्त्याची लोखंडी धूळ रंगात रुतून बसलेली असते, तिच्याशी गाठ पडली की हा स्प्रे जांभळा होतो आणि नासक्या अंड्यासारखा वास सुटतो. शेवटी सौम्य आम्लाच्या शांपूने एक हात. बोनेटचा अर्धा भाग टेप लावून तसाच ठेवला होता, तुलनेसाठी.

आता पाणी मारलं तर डिकीवर आणि मागच्या दोन्ही दारांवर थेंब टपोरे उभे राहिले. बोनेटवर आणि छतावर मात्र फरक नाही. डिकीवर नंबर प्लेटच्या वर टॉर्च तिरका धरला तर इंद्रधनुषी छटेचा एक काळपट पट्टा दिसला. कोटिंग लावल्यावर वेळेत पुसलं नाही की ते तिथेच घट्ट होतं, त्याला आम्ही हाय स्पॉट म्हणतो. नुसतं पॉलिश मारून सोडलेल्या गाडीवर असा पट्टा सापडत नाही. म्हणजे कोटिंग लावलं होतं. घाईत लावलं होतं, पण लावलं होतं.

घाईचा दुसरा पुरावा छतावर होता. फिरत्या मशीनचे लांबलचक वळसे, ज्याला होलोग्राम म्हणतात, कोटिंगच्या आधीच रंगात उठलेले. मालकांकडे बिल होतं: २३ तारखेची संध्याकाळ ५ ची वेळ, आणि डिलिव्हरी दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला. अठरा तास. तेवढ्यात धुणं, क्ले (रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ माती) फिरवणं, पॉलिश, कोटिंग आणि सुकणं बसवायचं तर रात्रभर चार हात लागतात. दसऱ्याच्या आदल्या रात्री, जेव्हा रांगेत आणखी पंधरा गाड्या असतील, तेव्हा ते कुठून आणणार?

आणि अकराला गाडी बाहेर आली ती पूजेसाठीच. बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. कोटिंगला पहिले २४ तास पाणी लागू द्यायचं नसतं आणि पुढचा आठवडाभर शांपू वापरायचा नसतो, कारण हवेतला ओलावा घेत ते आतून घट्ट होत असतं. सगळ्यात आधी बोनेटवरचं कोटिंग गेलं त्याचं एक कारण तिथे असावं. छातीठोक सांगता येणार नाही, पण मालकांच्या आईंनी ओढलेल्या स्वस्तिकाच्या रेषा बोनेटच्या मध्यावर तिरप्या प्रकाशात मला तरी दिसल्या.

पावसाशिवाय पाण्याचे डाग

चऱ्यांचं कारण शोधावं लागत नाही. पुण्यात ज्याची गाडी कोणीतरी रोज पुसतं, त्याच्या गाडीवर चरे असतातच. कोडं होतं ते ठिपक्यांचं. गाडी सोसायटीत इमारतीखाली, छपराच्या पार्किंगमध्ये. ऑफिसमध्ये तळघरात. मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर नाही. बागेचे फवारे जवळपास नाहीत. सर्व्हिस सेंटरला धुतली ती ऑगस्टमध्ये. मग इतकं पाणी आलं कुठून?

ठिपक्यांची जागा बघितली. दारांच्या खालच्या कडा, आरशांखाली, हँडलखाली, पेट्रोलच्या झाकणाभोवती. जिथे पुसताना फडकं पोचत नाही आणि उरलेलं पाणी ओघळून थांबतं, नेमकं तिथे.

“सर, रोज ओल्या फडक्याने पुसतात का?”

“हो, मामा पुसतात. माणूस एकदम चोख आहे. एक दिवस खाडा नाही.”

रविवारी पहाटे पावणेसहाला मी धायरीला त्यांच्या सोसायटीत गेलो. एवढं कशाला, असं घरी विचारलंच गेलं. पण पुन्हा कोटिंग करून पंधरा महिन्यांनी तोच माणूस माझं कार्ड घेऊन माझ्याच दारात उभा राहणार, हे मला दिसत होतं.

मामा साठीच्या आसपासचे, कानटोपी घातलेले, हात झपाझप चालणारे. पाच ते आठ या तीन तासांत चोवीस गाड्या. म्हणजे एका गाडीला साडेसात मिनिटं, त्यात बादली भरण्याचा वेळ धरून. महिन्याला गाडीमागे ६०० रुपये. हातात जुन्या बनियनचा तुकडा, खांद्यावर कोरडं पिवळं फडकं. पहिल्या दोन गाड्यांची धूळ तिसऱ्या गाडीच्या बोनेटवर घासली जात होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. एका बादलीत चोवीस गाड्या बसवायच्या तर दुसरं काय होणार?

पण आमच्या मालकांच्या गाडीपाशी आल्यावर मामांनी ती बादली बाजूला ठेवली आणि जिन्याखालून दुसरी, निळ्या झाकणाची बादली काढली.

“ही आजींची. रोज रात्री भरून ठेवतात. साहेबांच्या गाडीला हेच पाणी.”

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेन माझ्या खिशात होता. सोसायटीच्या नळाला, म्हणजे बोअर आणि टँकरच्या मिश्रणाला, लिटरमागे ७८० मिलिग्रॅम. निळ्या बादलीत १,०९०.

ते आरओचं पाणी होतं. पिण्याचं नव्हे, फिल्टरच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं. धायरीत टँकरची पावती भरणाऱ्या कुठल्याही घराप्रमाणे त्या घरातही पाणी वाया घालवणं हे पाप. आईंनी नळीखाली बादली लावली आणि ते पाणी लेकाच्या गाडीला दिलं. ‘आरओचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरा’ हा सल्ला मी स्वतः किती ठिकाणी वाचलाय. हेतू सोन्यासारखा, हिशोब उलटा. आरओ मशीन तीन-चार लिटर पाणी घेऊन एक लिटर शुद्ध करून देतं, आणि त्या लिटरातले क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं. म्हणजे नळाला आधीच जड असलेलं पाणी त्या बादलीत आणखी जड होऊन येतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५०० आहे; या बादलीत तिच्या दुप्पट. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते पाणी उत्तम. काळ्या रंगावर वाळू द्यायला नाही.

आणि इथेच कोटिंगची गंमत आहे, जी विकणारा सांगत नाही. कोटिंग नसलेल्या पत्र्यावर पाणी पसरतं आणि पातळ थरात वाळतं. क्षारही पसरतात, सगळा पत्रा जरा धुरकट दिसतो. कोटिंग केलेल्या पत्र्यावर पाणी टपोऱ्या थेंबात गोळा होतं आणि तो थेंब जागच्या जागी वाळला तर त्याच्यातला सगळा कॅल्शियम, मॅग्नेशियम एका टिकलीएवढ्या जागेत उरतो. थेंब जितका गोल, डाग तितका ठळक. मागच्या दारांवर कोटिंग सगळ्यात चांगलं टिकलं होतं आणि सगळ्यात वाईट डागही तिथेच होते. मालकांना मी हे दाखवलं तेव्हा ते हसले, पण फार नाही.

९एच

मालकांचा एक प्रश्न राहिला होता. “पण ते ९एच होतं ना? हिऱ्याच्या खालोखाल कठीण म्हणाले होते.”

हा गैरसमज इतका पसरलाय की यावर थोडं थांबतो. हिरा दहा, क्वार्ट्झ सात, ही खनिजांच्या कठीणपणाची मोहस पट्टी. ९एच मधला एच त्या पट्टीचा नाही, तो पेन्सिलीचा आहे. ड्रॉइंगच्या पेन्सिली असतात तशाच: बी मऊ, एच कडक. रंगाच्या चाचणीत ठरावीक ७५० ग्रॅम वजनाखाली पेन्सिल ४५ अंशात धरून पृष्ठभागावर पुढे ढकलतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा उठतो ते बघतात. ९एच ही त्या संचातली सहसा सगळ्यात कडक पेन्सिल. तिने चरा पडला नाही एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झची वाळू असते. ती वाळू बनियनच्या तुकड्याखाली सापडून रोज सकाळी बोनेटवर फिरली, तर मायक्रॉनभर जाडीचं कोटिंग तिला किती दिवस अडवणार?

मग कोटिंग करतं तरी काय? चिखल, पक्ष्यांची घाण, झाडाचा चीक पत्र्याला घट्ट धरत नाही. धुताना कमी घासावं लागतं, म्हणून चरे कमी पडतात. रसायनांना आणि उन्हाला वरचा थर थोडा जास्त काळ तोंड देतो. काळा रंग खोल दिसतो. बस. दगड उडून टवका गेला तर कोटिंगचा उपयोग शून्य. त्यासाठी रंगावर चिकटवायची दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म लागते आणि तिचा खर्च अनेक पटींनी मोठा. आणि टेफ्लॉन कोटिंगची पाटी अजून कुठे दिसली तर एवढं लक्षात ठेवा की टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं. तव्यावर ते भट्टीत बसवतात, गाडीच्या रंगावर तसं बसवायला गेलात तर रंगच उरणार नाही.

कार्डाच्या मागची बाजू

मालकांना अजून शोरूमशी भांडायचं होतं, म्हणून ते कार्ड आम्ही दोघांनी चष्मा लावून वाचलं. दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच १,५०० रुपयांचं मेंटेनन्स बंधनकारक. एक चुकलं की वॉरंटी बाद. पहिलंच चुकलं होतं, कारण कोणी फोन केला नव्हता. वगळलेल्या गोष्टींत चरे, पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, दगडाचे टवके आणि ‘अयोग्य धुलाई’. उरलं काय, तर रंग फिका पडणं आणि ऑक्सिडेशन. आजच्या गाडीचा धड क्लिअर कोट छपराखाली उभा राहून पाच वर्षांत सहसा फिका पडतच नाही. म्हणजे जे होणार नाही त्याची हमी होती आणि जे होणार होतं ते वगळलेलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी त्यांना दिला. त्यांनी शोरूमला एक कडक ईमेल लिहिला, उत्तरात एक मोफत मेंटेनन्स मिळालं, ते त्यांनी घेतलं नाही. विषय तिथेच थांबला.

मामांशी वाटाघाट

मी मालकांना सांगितलं, आत्ता कोटिंग करायचं नाही. तीन आठवडे नवीन पद्धतीने गाडी ठेवून बघा. नवे ठिपके आले नाहीत, तर पुढे बोलू.

पद्धत काही फार नव्हती. रोजचं पुसणं बंद. रोज फक्त काचा आणि आरसे. पत्रा आठवड्यातून दोनदा, तोही आधी धूळ सुटी करून. त्यासाठी भाजीपाल्याच्या रोपांवर औषध मारायचा पाच लिटरचा फवारणी पंप आणला, खत-बियाण्याच्या दुकानातून. त्यात पालिकेचं पाणी, जे मालक ऑफिसमधून कॅनमध्ये आणतात. खडकवासल्याच्या त्या पाण्याला माझा पेन नव्वदच्या आसपास दाखवतो. त्यात झाकणभर न्यूट्रल शांपू. फवारायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग मायक्रोफायबरच्या कापडाने न दाबता एका दिशेने ओढायचं आणि लगेच दुसऱ्या कापडाने कोरडं करायचं. चार कापडं या गाडीची वेगळी, आईंकडे धुवायला. खाली पडलेलं कापड पुन्हा पत्र्याला लावायचं नाही.

मालकांना हे पटकन पटलं. मामांना नाही. आणि त्यांचा मुद्दा माझ्या कुठल्याही मीटरपेक्षा खरा होता.

“साहेब, तुम्ही म्हणता नका पुसू. मी नाही पुसली तर गाडी धुळीची दिसणार. बाकीचे लोक म्हणणार, मामा आळशी झाला, ह्यांच्या गाडीला हात लावत नाही. मग त्यांचे पैसे पण गेले.”

धूळ म्हणजे कामचुकारपणा, हे आपल्याकडचं समीकरण. गाडी पुसणाऱ्याला स्वच्छतेचे नाही, पुसल्याचे पैसे मिळतात. मग तोडगा असा निघाला: ६०० चे ८०० रुपये, काम कमी. मागच्या काचेवर आतून एक कागद: ‘या गाडीचा पत्रा रोज पुसू नये, मालकांची सूचना.’ मामांनी तो कागद स्वतः जागा बघून, वॉचमनला दिसेल असा लावून घेतला. आईंची समजूत मालकांनीच काढली. निळी बादली आता जिना पुसायला जाते.

तीन आठवडे झाले. नवा ठिपका नाही.

तीन दिवसांचं काम

फेब्रुवारीच्या मध्यात गाडी घेतली. पहिल्या दिवशी धुलाई, लोखंडाचा स्प्रे, क्ले आणि ठिपके. ठिपके दोन जातींचे असतात: वर बसलेला क्षार आणि रंगात उतरलेला खड्डा. पहिला आम्लधर्मी रिमूव्हरने जातो. सावलीत, गार पत्र्यावर, मिनिटभर ठेवून भरपूर पाण्याने. निम्म्याहून जास्त तिथेच गेले. खड्डे मशीनकडे राहिले. मागच्या काचांसाठी सेरियम ऑक्साइड, काच घासून चकचकीत करायची पूड.

दुसरा दिवस आणि तिसऱ्याची दुपार मशीनवर. बोनेटवर दीड फुटाचा चौकोन आखून सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने सुरुवात केली. जाळं जेमतेम अर्धं गेलं. मध्यम कंपाउंड, म्हणजे जरा जास्त खरवडणारं पॉलिश, आणि मध्यम फोम पॅडवर जमलं, मग फिनिशिंगचा हात. डाव्या पुढच्या दारावर हेच मिश्रण लावलं तर दुधाळ धुकं उठलं. इन्शुरन्सच्या कामातला रंग कारखान्यातल्या रंगापेक्षा मऊ होता. तिथे मऊ पॅड, कमी वेग, थांबत थांबत. खिडक्यांमधल्या चकचकीत काळ्या पट्ट्या हाताने केल्या. त्यांना नुसतं जोरात बघितलं तरी चरा पडतो.

मागच्या डाव्या दारावर सहा-सात खड्डे मी मुद्दाम ठेवले. ते काढायला आणखी दोन-तीन मायक्रॉन खावे लागले असते, आणि ते किती खोल आहेत हे कोणालाच आधी कळत नाही. क्लिअर कोट परत येत नाही. मालकांना दाखवून, त्यांच्या होकारानेच ठेवले. काम संपल्यावर बोनेट ११० ते ११५. दोघांचे मिळून सतरा तास मशीनवर गेले.

त्यानंतर अल्कोहोलच्या मिश्रणाने पॉलिशचं तेल पुसून काढलं आणि कोटिंग लावलं, ज्याला लागले तीन तास. फुटा-दीड फुटाचे चौकोन, आधी आडवे मग उभे हात, आणि पुसण्याआधी इंद्रधनुषी छटा उठायची वाट बघणं. बाटलीवर लिहिलं होतं एक ते दोन मिनिटं. त्या दुपारी गाळ्यात आर्द्रता २८ टक्के होती, तीन-साडेतीन मिनिटांशिवाय छटा उठत नव्हती. हेच जुलैत अर्ध्या मिनिटात होतं. कोटिंग ओलाव्यावर घट्ट होतं, त्यामुळे घड्याळापेक्षा डोळा खरा. आणि तरी माझा डोळा एका जागी चुकलाच: दुसऱ्या दिवशी सकाळी छतावर अँटेनामागे तळहाताएवढा हाय स्पॉट. तेवढ्यात तो पुसण्यापलीकडे गेलेला. पॉलिशने काढला, पुन्हा लावला, गाडी एक दिवस उशिरा दिली. शोरूमच्या मुलांवर हसताना हे आठवतं.

बिल २६,००० अधिक १८ टक्के जीएसटीचे ४,६८०. त्यातले १४,००० दुरुस्तीचे, १२,००० कोटिंगचे. दुरुस्ती महाग का, हे विचारणाऱ्याला मी तास दाखवतो. नव्या गाडीला हेच काम निम्म्यात झालं असतं, जर कोणी १८ तासांऐवजी तीन दिवस मागितले असते. माझ्या कार्डावर मी पाच वर्षं लिहिली नाहीत. दोन लिहिली आणि खाली पेनाने: पाणी बदललं तर फोन करा.

पुढे काय झालं

जूनच्या शेवटी, पाऊस चांगला सुरू झाल्यावर गाडी बघितली. सिंहगड रोडचा चिखल दारांवर होता. नुसत्या पाइपने निम्म्याहून अधिक खाली आला. एक नवा खड्डा बोनेटवर, पक्ष्याच्या घाणीचा. मालक गावाला गेले होते, चार दिवस ती तशीच उन्हात राहिलेली. कोटिंग असूनही पडला. वेळ मिळते ती काही तासांची, दिवसांची नाही, हे मी त्यांना आधी पुरेसं ठासून सांगितलं नव्हतं. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी स्प्रेची बाटली आणि कापड असतं.

२ ऑक्टोबर २०२५ चा दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत आली, ठरलेल्या तपासणीला. या वेळी आईंनी स्वस्तिक बोनेटवर न काढता पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढलं होतं. हार मामांनी जाळीला बांधला होता, बोनेटवर पडू नये म्हणून दोन्ही टोकांना दोरा आवळून. तरी वाऱ्याने एक टोक सुटलं असावं. बोनेटच्या कडेला चारेक इंच लांबीचा एक बारीक चरा होता, सुईच्या टोकाएवढ्या रुंदीचा. मालकांनी विचारलं काढता येईल का. मी म्हटलं येईल, पण आज नको. पुढच्या दसऱ्याला तिथेच दुसरा येईल, दोन्ही एकदम बघू.